माणसं पांगवून वस्ती सुधारत नाही

युरोपात स्थलांतरितांच्या वस्त्यांचा विषय निघाला की दोन उपाय हमखास पुढे येतात. इमारती पाडा, नाहीतर माणसं पांगवा. डेन्मार्कने 2018 मध्ये दोन्हींचा मिळून कायदाच केला. सार्वजनिक गृहवस्तीत हजाराहून अधिक लोक असतील, त्यातले निम्म्याहून जास्त ‘पाश्चात्त्येतर’ मुळाचे असतील आणि बेकारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे अशा कसोट्यांवर ती वस्ती मागे असेल, तर सरकारच्या यादीत तिच्यावर ‘घेटो’चा शिक्का बसू लागला. काही वर्षं यादीत राहिलेल्या वस्तीतली कुटुंबांसाठीची सार्वजनिक घरं 2030 पर्यंत 40 टक्क्यांवर आणायची, त्यासाठी काही पाडायची, काही विकायची. तिथल्या मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला 25 तास पाळणाघरात पाठवणं बंधनकारक झालं. कोपनहेगनच्या म्योल्नरपार्कन वस्तीतले भाडेकरू कोर्टात गेले, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या महाअधिवक्त्यांनी, म्हणजे निकालाआधी न्यायाधीशांना सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हा वांशिक मुळावरून केलेला थेट भेदभाव असल्याचं मत दिलं.

एका मुळाची गरीब माणसं एका जागी गोळा झाली की वस्ती नासते, असं या कायद्याने गृहीत धरलं आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. माझं मत असं की वस्ती नासते ती शहराने तिला स्वतःपासून तोडल्यामुळे आणि तिच्या देखभालीकडे पाठ फिरवल्यामुळे. ज्यांना दुसरीकडे जायची सोयच नाही, तेच तिथे उरतात आणि मग सगळा दोष त्यांच्या माथी मारला जातो.

मी ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवीनमध्ये राहते. इथे आम्हा भारतीयांची चांगलीच दाटी आहे. काही इमारतींच्या दारावरच्या घंट्यांच्या पाट्या वाचल्या तर कुलकर्णी, रेड्डी, शर्मा, अय्यर अशी नावं एकाखाली एक मिळतात. कोपऱ्यावर कढीपत्ता आणि कांदेपोह्यांचे पोहे मिळतात, गणपतीत ढोल वाजतो. दहा-दहा वर्षं राहूनही धड डच न बोलणारे आमच्यात पुष्कळ आहेत, कारण ऑफिसात इंग्रजी चालतं आणि घरी आपली भाषा. आम्हाला कुणी ‘समांतर समाज’, म्हणजे देशापासून फटकून राहणारी माणसं, म्हणत नाही. उलट बाहेरून खास नेमून आणलेल्या तज्ज्ञ नोकरदारांना पगाराच्या 30 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा करमुक्त मिळण्याची सवलत इथल्या सरकारने वर्षानुवर्षं दिली. आम्हाला पांगवावं असं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या खिशात पगार आहे, दाराशी ट्राम आहे, आणि उद्या दुसऱ्या गावात घर घ्यावंसं वाटलं तर कुणी अडवणार नाही. एकत्र राहणं ही आमची निवड आहे, म्हणून ते कुणाला खुपत नाही.

आमच्या घरापासून अर्ध्यापाऊण तासावर बाइल्मर आहे. पूर्ण नाव बाइल्मरमेअर. ॲम्स्टरडॅमच्या आग्नेयेला, मूळ शहरापासून सुटं पडलेलं. तिथली माणसंही बव्हंशी बाहेरून आलेली: दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतली, कॅरिबियन समुद्रातल्या अँटिल्स बेटांची, आफ्रिकेतल्या घानाची. त्यांच्या वाट्याला मात्र अख्ख्या देशाची बोटं आली.

बाइल्मर गरिबांसाठी बांधलेलंच नव्हतं. साठच्या दशकात ॲम्स्टरडॅमच्या नगररचनाकारांना उद्याचं शहर उभं करायचं होतं. डिसेंबर 1966 मध्ये काम सुरू झालं, नोव्हेंबर 1968 मध्ये पहिलं कुटुंब राहायला आलं. मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीत अकरा मजल्यांच्या लांबच लांब इमारती, त्यात सुमारे 13 हजार घरं. घरं ऐसपैस, त्या काळात शहरातल्या जुन्या घरांत नसलेली मध्यवर्ती उष्णतेची सोय असलेली. मोटारींसाठी तीन मीटर उंचावरून रस्ते, खालची सगळी जमीन हिरवी, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की आजही कुणी वास्तुकलेचा विद्यार्थी त्या नकाशावर भाळेल.

प्रत्यक्षात काय झालं? खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट कमी केल्या. त्यामुळे लिफ्टमधून उतरून घरापर्यंत उघड्या गॅलरीतून भलतंच लांब चालावं लागे. क्लायबर्ख नावाची इमारत चारशे मीटर लांब आहे. तिच्या गॅलरीत उभं राहून पाहिलं की दोन्ही बाजूंना फक्त दारं दिसतात, एकसारखी, आणि वारा असा घोंगावतो की थांबून शेजारणीशी दोन शब्द बोलावेत असं कुणाला वाटू नये. त्याहून वाईट तळमजला. तिथे घरं नव्हतीच, सामान ठेवायच्या बंद कोठड्या होत्या. जमिनीच्या पातळीवर एक खिडकी नाही, एक दुकान नाही, संध्याकाळी वाटेवर उजेड टाकणारं एक स्वयंपाकघर नाही. अंधार पडल्यावर त्या भिंतीच्या कडेने एकटीने चालत जायचं म्हणजे काय, हे बाईमाणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गाडी लावायची ती दूरच्या बहुमजली गॅरेजमध्ये, आणि तिथून आतल्या बंदिस्त वाटांनी घरी यायचं.

आणि शहराशी जोडणारी मेट्रो आली 1977 मध्ये. पहिली कुटुंबं राहायला आली त्यानंतर नऊ वर्षांनी. थेट मुख्य स्टेशनापर्यंत ती पोचायला 1980 उजाडलं. मोठा बाजार त्याच्याही नंतर. ज्या मध्यमवर्गीय डच कुटुंबांसाठी हे सारं चाललं होतं, त्यांना तोवर आल्मेरे, पुर्मरेंड अशा आसपासच्या गावांत बागेसह स्वतंत्र घरं मिळू लागली होती. ती तिकडे गेली. बाइल्मरची भाडी चढी, त्यावर लिफ्ट आणि उष्णतेचा खर्च वेगळा. घरं रिकामी पडू लागली. हे सगळं सुरिनामची माणसं येण्याआधीच सुरू झालं होतं, हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. इमारत चुकली होती, वाहतूक चुकली होती, हिशेब चुकला होता. एकाही स्थलांतरिताचा त्यात हात नव्हता.

सुरिनाम 25 नोव्हेंबर 1975 रोजी स्वतंत्र झालं. त्या एका वर्षात साधारण 40 हजार माणसं नेदरलँड्सला आली, साडेतीन-चार लाखांच्या देशातून. त्यात 1873 पासून कलकत्त्याहून गिरमिटिया म्हणून नेलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांचे वंशजही होते, पण ते बहुतेक हेगकडे गेले. बाइल्मरकडे वळले ते प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे. ही माणसं कोण होती? डच वसाहतीत जन्मलेली, डच शाळांत शिकलेली, डच पासपोर्ट बाळगणारी. आज ‘भाषा शिका, मिसळा’ असा जो धोशा लावला जातो, तो या लोकांना लागूच नव्हता. भाषा त्यांना येत होती. तरी शहरातल्या घरमालकांची दारं त्यांना बंद होती आणि भाड्याने घरं देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी सुरिनामी भाडेकरूंच्या संख्येवर मर्यादा घातल्या होत्या. म्हणजे पांगवण्याचं धोरण तेव्हाही होतं. एकीकडे शेकडो घरं रिकामी, दुसरीकडे नातेवाइकांच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं. 1974 मध्ये ख्लिपहूवे इमारतीतल्या रिकाम्या घरांचा सुरिनामी कुटुंबांनी सरळ ताबा घेतला. वर्तमानपत्रांनी त्याला आक्रमण म्हटलं. रिकामं घर आणि बेघर कुटुंब यांच्यामध्ये कातडीच्या रंगाची मर्यादा उभी करणाऱ्यांना कुणी काही म्हटलं नाही.

नंतरची दहा-बारा वर्षं वाईट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. लूट, मारामाऱ्या, लिफ्टमध्ये लघवी, गॅरेजमध्ये हेरॉइन. स्थलांतरितांच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा हा भाग गाळतात, आणि त्यामुळे त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण हेरॉइन तिथे आलं कसं, हेही सांगायला हवं. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या भागातला झेडाइक रस्ता नशेबाजांचा अड्डा होता. ऐंशीच्या दशकात पोलिसांनी तो साफ करायला घेतला. पर्यटकांचा रस्ता स्वच्छ झाला, आणि तिथले नशेबाज मेट्रोत बसून बाइल्मरला आले, कारण तिथे बंद कोठड्या आणि निर्मनुष्य गॅरेजं मुबलक होती. शहराने आपला केर जिथे ढकलला, तिथल्या माणसांनाच मग घाणेरडं म्हटलं. मोडलेली लिफ्ट महिनोन्‌महिने तशीच राहिली, कारण चौथाई घरं रिकामी असलेली संस्था भाड्यातून दुरुस्ती करणार कुठून?

4 ऑक्टोबर 1992 च्या रविवारी संध्याकाळी एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग 747 ख्रूनेवेन आणि क्लाइन-क्राउटबर्ख या इमारतींवर कोसळलं. 43 माणसं गेली. सुरुवातीला भीती होती ती दोनशेहून अधिक जाण्याची, कारण त्या घरांत नेमकं कोण आणि किती राहत होतं हे शहराला ठाऊकच नव्हतं. कागदपत्रं नसलेली माणसं भाडेकरूंच्या भाडेकरूंकडे राहत होती. त्यांची नावं कुठल्याही यादीत नव्हती, म्हणून आजही काही लोक 43 हा आकडा मानत नाहीत. एखाद्या वस्तीला एकटं पाडणं म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. विमान पडेपर्यंत शहराने तिथली माणसं मोजलीसुद्धा नव्हती.

त्याच सुमारास पुनर्बांधणी सुरू झाली. जवळपास निम्म्या उंच इमारती पाडल्या गेल्या, त्यांच्या जागी बैठी आणि चार-पाच मजली घरं आली, उंचावरचे रस्ते बऱ्याच ठिकाणी जमिनीवर उतरवले. शेजारी 1996 मध्ये फुटबॉलचं मोठं स्टेडियम झालं. आज तिथे फिरताना सुधारणा डोळ्यांना दिसते, आणि पाडापाडीचे समर्थक बाइल्मरकडेच बोट दाखवतात: बघा, पाडलं म्हणून सुधारलं.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि त्याला उत्तर बाइल्मरमध्येच उभं आहे. क्लायबर्ख, ती चारशे मीटरची इमारत, पाडायचंच ठरलं होतं. अखेर एका गटाने ती एका युरोला विकत घेतली. त्यांनी इमारतीचा सांगाडा, लिफ्ट, गॅलऱ्या दुरुस्त केल्या आणि आतली घरं अर्धवट ठेवून स्वस्तात विकली, ज्याने त्याने आपल्या सवडीने पुरी करावीत म्हणून. सर्वांत महत्त्वाचा बदल तळमजल्यावर झाला. कोठड्या वरच्या मजल्यांवर लिफ्टशेजारी हलवल्या आणि खाली घरं, कामाच्या जागा, मोठ्या काचा आल्या. 2017 मध्ये या कामाला युरोपीय संघाचं वास्तुकलेसाठीचं मीस व्हान डेर रोह पारितोषिक मिळालं. काँक्रीट तेच, लांबी तीच, मजले तितकेच. म्हणजे सुरुंग लावण्यावाचून इलाज नव्हता, हे म्हणणं टिकत नाही. दुरुस्ती, उजेड आणि जमिनीवर माणसाचा वावर, एवढं चाळीस वर्षं आधी केलं असतं तर?

पण क्लायबर्खमधून मला आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. तिथे घरं घेणारे बरेचसे नवे, बाहेरचे, हातात थोडे पैसे असलेले लोक होते. जुने भाडेकरू इमारत पाडायची म्हणून आधीच हलवले होते. ज्यांनी मोडक्या लिफ्टची वर्षं काढली, त्यांच्या वाट्याला नवी लिफ्ट आली नाही. इमारत सुधारली, पण तिथे सोसलेल्या माणसांसाठी नव्हे. पुनर्बांधणीच्या काळात, 1996 च्या आसपास, बाइल्मरमधल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन हाच सवाल केला होता: राहणारे बहुसंख्य काळे, आणि त्यांच्या घरांचा फैसला करणारे सगळे गोरे अधिकारी, हे कसं? त्या दबावामुळे काही गोष्टी बदलल्या. विस्थापितांना त्याच भागात नवं घर मिळण्याची वाट थोडी मोकळी झाली आणि पुष्कळ सुरिनामी कुटुंबं परिस्थिती सुधारल्यावरही बाइल्मर सोडून गेली नाहीत. त्यांनी नव्या बैठ्या घरांत तिथेच संसार थाटले. डेन्मार्कच्या कायद्याला हे समजणारच नाही. पैसे आल्यावरही माणूस आपल्या लोकांत राहतो, कारण तिथे त्याचं चर्च असतं, सांभाळणारी मावशी असते, 1975 मध्ये मुलांच्या फुटबॉल सामन्यांतून सुरू झालेला आणि आता सबंध शहराचा झालेला क्वाकू उत्सव असतो. घानाहून आलेल्यांनी तर त्याच भयाण गॅरेजांत चर्च भरवली. रविवारी सकाळी मोटारींच्या जागेवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, इस्त्रीच्या कपड्यांत. नगररचनाकारांना जी जागा सुचली नाही ती त्यांनी स्वतः तयार केली. वस्तीतलं हे सगळं बळ एकत्र राहण्यातून आलं होतं. पांगवाल तर ते आधी जाईल.

एकवटलेल्या गरिबीचा मुलांवर परिणाम होतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या शाळेत सगळीच मुलं अडचणीतल्या घरांतून येतात, तिथल्या शिक्षकाचं काम दुप्पट असतं. मग तिथे दुप्पट शिक्षक द्या. रॉटरडॅमने 2006 पासून एक कायदा वापरला: शहराच्या ठरावीक भागांत, त्या प्रदेशात सहा वर्षं न राहिलेल्या आणि कामाचं उत्पन्न नसलेल्या माणसाला घर भाड्याने घेता येत नाही. म्हणजे नव्याने आलेला गरीब आपल्या चुलत्याच्या शेजारी राहू शकत नाही. त्याची गरिबी यामुळे तसूभरही कमी होत नाही, फक्त एका वॉर्डाच्या आकड्यातून दुसऱ्या वॉर्डाच्या आकड्यात जाते.

मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, कारण आपल्याकडे दोन्ही नमुने आहेत. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेली माणसं गावागावाने राहत. एका गावच्या मंडळाची एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस पुरुष, जेवायला खानावळवालीकडे. यापेक्षा एकसंध दाटी कुठली? सुख नव्हतं, क्षयही होता, पण ती माणसं शहरापासून तोडलेली नव्हती. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर गिरणी, चालत जाता येईल असं स्टेशन, रस्त्यावर उघडणारी चाळ, परळला केईएम रुग्णालय. त्याच दाटीतून कामगार रंगभूमी आली, युनियन आली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली.

आणि दुसरा नमुना मानखुर्द-गोवंडीचा. रेल्वेमार्ग आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या झोपड्यांतली माणसं, कित्येक मराठवाड्यातून, तमिळनाडूतून, उत्तरेतून मुंबईत आलेली, नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत नेऊन ठेवली. 225 चौरस फुटांची खोली, मालकी हक्काची, पक्की. पण दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत, आणि कचरा त्या तीन मीटरच्या फटीत साचतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने 2018 मध्ये तिथल्या घरांची पाहणी करून क्षयरोग आणि ऊन-वाऱ्याचा अभाव यांचा संबंध दाखवून दिला. मोकळं अंतर असलेल्या जवळच्या वसाहतीपेक्षा इथे क्षयाचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. माहुलमध्ये तर तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी टाकलं, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना दुसरीकडे राहायला महिना 15 हजार रुपये भाडं द्या. जुन्या झोपडीजवळची धुण्याभांड्यांची कामं सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या. ‘यांना पक्की घरं दिली तरी घाणच करतात’ हे वाक्य मी पुण्या-मुंबईच्या कित्येक दिवाणखान्यांत ऐकलं आहे. बाइल्मरबद्दल डच लोक अगदी हेच बोलत.

म्हणून मुंबईतल्या ब्रिटिश काळातल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाकडे मी काळजीने पाहते. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला. शंभर वर्षं 160 फुटांत काढलेल्यांना हे घर मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. जागा तीच राहिली, शेजार राहिला, स्टेशन राहिलं, हे तर फार मोठं आहे. पण चाळीस मजल्यांची इमारत देखभालीवर जगते. लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, सांडपाणी यांचा खर्च काही वर्षं दुसरा कुणीतरी उचलेल, त्यानंतर तो रहिवाशांच्या अंगावर येईल. बाइल्मरमध्ये चढा देखभाल खर्च, रिकामी होत जाणारी घरं आणि बंद पडलेली लिफ्ट यांनी एकमेकांना खाली ओढलं होतं. पेन्शनवर जगणाऱ्या गिरणी कामगाराच्या विधवेला महिन्याला किती भरावं लागेल, ते तिला न परवडल्यास फरक कोण भरणार, आणि तेविसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर किती तासांत ती सुरू करणं कुणावर बंधनकारक आहे, हे ताबापत्राबरोबर लेखी मिळायला हवं. राज्य सरकारने त्यासाठी कायमचा निधी बाजूला काढावा आणि तो कसा खर्च होतो हे ठरवणाऱ्या समितीत रहिवाशांचं बहुमत असावं. मानखुर्द आणि माहुलच्या इमारतींनाही तोच नियम, तोच निधी, मागील तारखेपासून.